घरी राहणारा आजार

माझ्या सासरी मला फौजदारीण म्हणतात. तुमसरला आमच्या गल्लीत कुणाच्या घरी कोण आलं, किती वेळ बसलं आणि निघताना त्याचं तोंड कसं होतं, हे मला विचारल्याशिवाय कुणाला नीट कळत नाही. माझा नवरा ताराचंद राइस मिलमध्ये बॉयलरवर आहे. तो म्हणतो, "तुह्या नाकाले मिलमंधी लावलं असतं तं धान आपोआप साफ झालं असतं." नवरे बोलायचेच. पण नको तिथे नाक खुपसायची ही सवय होती म्हणून माझा भाऊ आज आहे, हे ताराचंदही आता मान्य करतो, आणि मान्य करताना दुसरीकडे बघतो.

माझा थोरला भाऊ चंद्रभान मोहाडीला कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणतो. आमच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. घराच्या मागच्या खोलीत जमिनीत खड्डा आहे, त्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायाने पावड्या दाबायच्या आणि हाताने धोटा फेकायचा. आमचे बाबा याच मागावर बसायचे. एका हिवाळ्यात ते बसल्या जागीच गेले. छातीत कळ आली आणि संपलं. दादाचं वय आता तेव्हाच्या बाबांच्या वयाला येऊन टेकलं होतं, आणि तेच त्याच्या मनात बसलं होतं.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि दादाचं डोकं दुखू लागलं. मग चक्कर सुरू झाली, मग मळमळ. एक दिवस तर खड्ड्यातून वर येताना पायांतलं बळच गेलं आणि कुसुमवहिनीने त्याला काखेत हात घालून ओढून काढलं. त्या दिवशी दादाचा फोन आला.

"रेणू, मी काही आता होळी पाहत नाई वाटते. बाबासारखंच होऊन राहिलं."

मी पिशवी भरली आणि एसटीत बसले. रस्ताभर पदराने डोळे पुसत होते. मोहाडीला घराशी पोचले तर काय, दादा ओट्यावर उन्हात बसून मुरमुरे खात होता आणि शेजारच्या नत्थूसोबत खिदळत होता. मरणाऱ्या माणसाने इतकं हसू नये, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर रागच आला.

"तुले कोणं बलावलं वं?" तो म्हणाला.

"तूच नाई का फोन केला? मरतो म्हणून?"

"तवा मरत होतो. आता बरा आहो."

वहिनीने मला आत नेलं आणि सगळं सांगितलं. "सकारी मागावर बसले का डोक्शात घण पडल्यासारखं होते म्हणतेत. दुपारपावतर उलटीवर येते. मंग तुमसरले नेतो, तुमाले घोर नको म्हणून कळवलं नाई. डॉक्टर सलाइन लावते. संध्याकाळी घरी येतेत अन् चांगले दोन टाइमाचं एका टाइमाले जेवतेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच."

एका डॉक्टरने गुण दिला नाही म्हणून दुसरा, दुसऱ्याने सुई टोचली नाही म्हणून तिसरा, असं त्यांचं चाललं होतं. सुई न टोचणारा डॉक्टर म्हणजे आमच्याकडे मीठ नसलेली भाजी. एकाने गॅस सांगितला, एकाने बीपी, एकाने मानेचा मणका. प्रत्येकाची गोळी वेगळी आणि दादा सगळ्या एकदमच घ्यायचा, कारण पैसे दिलेली गोळी टाकवत नाही. नत्थूने त्याच्या ओळखीच्या बाबाकडून एक काळा दोराही आणून बांधला होता. नत्थूकडे दुनियेतल्या सगळ्या रोगांवर इलाज आहे, फक्त त्याच्या स्वतःच्या खोकल्यावर नाही.

आता ठरलं होतं ते असं. नागपूरला कंपनीत असलेला त्यांचा मुलगा अंकुर सोमवारी येणार, बापाला मोठ्या दवाखान्यात नेणार आणि आल्यावर माग काढून टाकणार. "मागानंच खाल्लं आजोबाले, बाबाले बी खाईन," असं पोरगं फोनवर म्हणालं होतं.  पण मागावर एक साडी अपुरी होती, तिचा पदर राहिला होता, आणि सोमवारच्या आत तो पदर उतरवायचाच, असा त्याने हट्ट धरला होता. त्याच्या मनात काय आहे ते मला दिसत होतं. नागपूरहून परत येऊ की नाही याची त्याला खात्री नव्हती.

मला भीती वाटत होती, हे कबूल. पण भीतीच्या जोडीला मला तो मुरमुऱ्यांचा बकाणा आठवत होता. इतका आजारी माणूस उन्हात बसून इतका बरा कसा?

मी चौकशी लावली. फौजदारीण कशाला म्हणतात मग?

"बजाराच्या दिवशी दुखते का?" मी विचारलं.

"त्या दिवशी बसतोच कुठी मागावर? नाई दुखत."

"करडीले गेलतास ना, सेवकरामकडं? तवा?" सेवकराम आमचा चुलतभाऊ. त्याच्या धानाच्या चुरणीला, म्हणजे मळणीला, दादा दोन दिवस गेला होता.

"तिथी तं खळ्यावरच झोपलो. दव पडत होता वरतून. धुराळा इतका का नाक काळं झालं. पण डोक्शाले काही नाई."

म्हणजे पाहा. दव, धुराळा, उघडं रान, तिथे माणूस ठणठणीत. आणि घरात दार लावून, पोत्याचा पडदा टाकून, उबेत बसला की मरणाच्या दारात. तुमसरच्या एसटी स्टँडवर उतरल्यावर तो आलूबोंडा खायचा, हेही वहिनीच्या तोंडून निघालं. सलाइन लागायच्या आधी! मग सलाइनने बरं वाटायचं ते काय म्हणून?

आधी मला चष्म्याचा संशय आला. दादाचा चष्मा जुना, कोशाचे धागे बारीक. मी त्याला चष्मा काढून विणायला लावलं, तर त्याने दोन धागे चुकीचे ओढले आणि मला शिव्या दिल्या. मग ताण्याला लावायच्या खळीचा वास घेऊन पाहिला. भाताची खळ, तिचा वास नेहमीचाच. मग मागाच्या खोलीतल्या माठाकडे मी नाक वळवलं आणि तिथे माझी चूक झाली.

"वहिनी, ह्या माठातलं पाणी कोणत्या विहिरीचं?"

वहिनीने हातातली परात खाली ठेवली. ती हळू बोलते, पण तेव्हा तिचा आवाज चढला. "बत्तीस वर्षं माह्या हातचं पाणी पेऊन राहिले तुमचे दादा. आता माह्या पाण्यात जहर दिसलं का तुमाले?"

मी म्हटलं तसं नाही, पण म्हणायचं ते म्हणून झालं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मी निघाले होते. वहिनीने त्या दिवशी मला जेवायला वाढलं, पण "अजून घ्या" म्हटलं नाही. आमच्याकडे याला शिक्षा म्हणतात.

शनिवारी मी दादाला मोहाडीच्याच ग्रामीण रुग्णालयात नेलं. घरापासून चालत जाण्याइतकं जवळ, आणि एवढ्या दिवसांत एकदाही तिथे दाखवलं नव्हतं. सरकारी म्हणजे फुकट आणि फुकट म्हणजे हलकं, असा हिशोब. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वहिनीही आली. तिथल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, अंगात स्वेटर, टेबलावर चहा गार झालेला. बाहेर खोकणाऱ्यांची ही रांग. तरी त्यांनी दादाला बसवून सगळं विचारलं. छातीची पट्टी काढली, बीपी पाहिलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून पाहिला. सगळं नीट निघालं. दादाही नीटच होता. रांगेत उन्हात उभा राहून त्याची चक्कर केव्हाच उतरली होती.

"घरात धूर होतो का? चूल वगैरे?" मॅडमनी विचारलं.

"गॅस हाये आमच्याकडं," वहिनी जराशा तोऱ्यात म्हणाली. "अन् घरी कोसा हाये मॅडम. धूर कसा चालन? सूत काळं होते." मीही मान डोलावली. आमच्या घरात धूर चालत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. बाबा साधी उदबत्तीसुद्धा मागापासून लांब लावायला सांगायचे.

"सलाइन लावून द्या ना मॅडम," दादा म्हणाला. "त्यानंच बरं वाटते."

"सलाइन म्हणजे मीठपाणी, काका. तुम्ही तोंडाने पिऊ शकता, जेवू शकता, मग नसेतून कशाला? आणि तीन डॉक्टरांच्या गोळ्या एकत्र घेणं आधी बंद करा." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही लोक आजार घरी ठेवून येता आणि माणूस मला दाखवता. दुखायला लागतं तेव्हा हे कुठे असतात, काय करत असतात, आजूबाजूला काय असतं, ते नीट बघा आणि मला सांगा. आणि छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, शुद्ध गेली, तर तुमसरची गाडी शोधत बसू नका. एकशेआठ लावायचं. लगेच."

आजार घरी ठेवून येता. हे वाक्य माझ्या डोक्यात असं बसलं की रस्ताभर मी दुसरं काही बोललेच नाही. दादा म्हणाला, "सुई बी नाई देली. कायची डॉक्टर?" मी त्यालाही उत्तर दिलं नाही. मी गप्प आहे म्हणून उलट तोच घाबरला.

रविवारी सकाळी दादा न्हाव्याकडे गेला. नागपूरला जायचं तर दाढी करून. मी ठरवलं, आजार घरी राहतो ना, मग आपणच जाऊन त्याच्याशेजारी बसू. मागच्या खोलीचं पोतं सरकवलं, दार लोटून घेतलं आणि दादाच्या जागी खड्ड्यात पाय सोडले.

अहाहा! काय ऊब होती. बाहेर हुडहुडी भरत होती आणि इथे पायांना कुणी लोण्यात ठेवल्यासारखं वाटत होतं. वाकून पाहिलं तर खड्ड्याच्या कोपऱ्यात मातीची गोरसी, आणि तीत लालबुंद निखारे. धुराचा ठिपका नाही.

"वहिनी!" मी हाक मारली. "हे कधीपासून?"

वहिनी दारात आली. माठाचा राग अजून पुरता गेला नव्हता, पण गोरसीचं नाव काढताच तिचा चेहरा उजळला. "यंदाच आणली बजारातून. मागच्या थंडीत त्याईच्या पायाले वांब येत. रडवेले होऊन बसत. मंग मी म्हटलं, पायाशी इस्तो ठेवावा. पण धूर नाई होऊ देत मी! आंगनात बाभळीचं लाकूड जाळतो, धूर पुरा सरला, नुसते निखारे राहिले, का मंगच आत आणतो. सुताले एक डाग नाई, पाहून घ्या."

मी पाहिलं. खरंच डाग नव्हता. दाराला पोतं, खिडकीला पोतं, फटींत चिंध्या. हिवाळ्याची कोरडी हवा लागली की कोशाचा धागा कटाकट तुटतो, म्हणून विणकराची खोली बंदच असते. बाबांच्या वेळेपासून तसंच. वहिनीचं काम मात्र फारच नेटकं. एक नखभर फट म्हणून नव्हती. मला तिचं कौतुक वाटलं आणि माझ्या नवऱ्याच्या पायांसाठी मी कधी काही केलं का, असा विचार मनात आला. नाही केलं. तो बॉयलरपाशीच असतो म्हणा.

वहिनी स्वयंपाकाला गेली. मी धोटा हातात घेतला. लहानपणी बाबांनी शिकवलेलं, हात विसरले नव्हते. खट्, खट्. दादाच्या पदराला दहा-बारा धागे मी भरले. मग झोप यायला लागली. मग कानशिलं ठणकू लागली. मग पोटात ढवळलं. मी दाराकडे कशी गेले ते मला आठवत नाही, पण अंगणात नालीपाशी बसून ओकले ते चांगलं आठवतं.

पहिला विचार आला तो असा, की दादाचा रोग मला लागला. मला माझी पोरं आठवली आणि रडूही आलं. पण उन्हात बसल्या बसल्या डोकं हळूहळू हलकं झालं. आणि डोकं हलकं झालं तसं ते चालायलाही लागलं.

लागलेला रोग उन्हात बसून उतरतो का? करडीचं खळं, बाजार, एसटी स्टँड, रुग्णालयाची रांग. या सगळ्या जागांत सारखं काय? या सगळ्या जागा त्या खोलीच्या बाहेर आहेत. तुमसरच्या डॉक्टरची सलाइन नव्हे, तुमसरचा रस्ता दादाला बरा करत होता! आणि खोलीत नवीन काय? माग जुना, पोती जुनी. नवीन फक्त गोरसी.

पण धूर तर नाही. धूर नाही तर विस्तव करणार तरी काय? हे मला कळेना, आणि कळल्याशिवाय वहिनीला काही म्हणायची माझी छाती नव्हती. पाण्याचं एकदा बोलून बसले होते. आता तिच्या हातच्या उबेला दोष द्यायचा तर पुरावा हवा. विस्तवाचं कळणारा माझ्या माहितीचा एकच माणूस, तो म्हणजे ताराचंद.

मातीच्या भिंतींत फोनला रेंज येत नाही. मी रस्त्यावर गेले. ताराचंद फोन उचलेना. मिलमध्ये पाळी चालू असेल. नत्थूच्या ओट्यावर बसून मी पुन्हा लावला, पुन्हा लावला. तेवढ्यात आमच्या घरातून मागाचा आवाज सुरू झाला. खट्, खट्, खट्. दादा मागच्या गल्लीने परत आला होता आणि बसला होता. मी उठायला लागले, पण आवाज नेटका येत होता. विणतो आहे म्हणजे बरा आहे, मी स्वतःला म्हटलं. नत्थूने चहा दिला आणि चहासोबत डोकेदुखीवर हिंगाचा लेप सांगितला.

बऱ्याच वेळाने ताराचंदचा फोन आला. मी सगळं एका दमात सांगितलं.

त्याने आधी एकच विचारलं. "दार बंद हाये का?"

"बंदच असते. पोतं लावून."

"रेणू, आमच्या मिलचा जुना चौकीदार नाई का गेला, मागच्या पुसात? तो थंडीनं नाई गेला. घमेल्यात निखारे घेऊन केबिन लावून झोपला होता. धूर नव्हताच वं तिथी बी. इस्तो बंद खोलीत हवा खाते अन् जहर सोडते. वास नाई, रंग नाई. त्याले बाहेर काढ. पयले बाहेर काढ!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मागाचा आवाज बंद आहे. कधी बंद झाला ते कळलंच नव्हतं.

मी धावले. चप्पल नत्थूच्या ओट्याखालीच राहिली. पोतं ओढलं, दार लाथेने उघडलं. दादाचं डोकं समोरच्या साडीवर टेकलेलं, हात लोंबत होता, धोटा खाली पडलेला. गोरसीत निखारे नवे होते, भरपूर होते. शेवटचा पदर आहे म्हणून वहिनीने आज जास्तच घातले होते.

"दादा! दादा गा!" तो हलेना. मी श्वास धरून त्याला काखेतून उचललं, वहिनी धावत आली, नत्थू आला, आणि आम्ही तिघांनी त्याला ओढत अंगणात काढलं. छाती हलत होती. तेवढंच हलत होतं.

नत्थू कांदा आणायला पळाला. वहिनी मोठ्याने रडायला लागली आणि दादाच्या अंगावर स्वतःचा पदर घालून म्हणाली, "उघड्यावर कायले ठेवता? गारठून जातील ना! आत घ्या, गोरसीपाशी घ्या त्याईले!" आणि तिने खरंच त्याचे पाय धरून आत ओढायला सुरुवात केली.

मी दारात आडवी झाले. "वहिनी, आत नाई न्यायचं! ते निखारेच जीव घेऊन राहिले त्याचा!"

तिला काय समजलं ते मला माहीत नाही. तिने पाय सोडले नाहीत. ते पाय छातीशी धरून ती तिथेच मातीत बसली. मी एकशेआठ लावला. पत्ता सांगितला, शुद्ध नाही सांगितलं, आणि कुणी विचारायच्या आधी सांगितलं, "बंद खोलीत निखारे होते. धूर नव्हता, पण निखारे होते." नत्थू कांदा घेऊन आला तेव्हा मी तो त्याच्या हातातून घेऊन रस्त्यावर भिरकावला. त्या कांद्याचा विषय नत्थू अजून काढतो.

गाडी आली. आतल्या डॉक्टरने माझं ऐकलं आणि लगेच दादाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. मोहाडीच्या रुग्णालयात त्याच मॅडम होत्या. त्यांनी वेळ न घालवता भंडाऱ्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. वाटेत दादाने डोळे उघडले नाहीत. मी त्याच्या गालाकडे बघत होते. न्हाव्याने दाढी फार छान केली होती, आणि मला नको तो विचार येत होता की माणसाला असं कशासाठी तयार करतात.

संध्याकाळ होता होता त्याने डोळे उघडले. मास्क बाजूला सारून पहिलं वाक्य बोलला ते असं, "पदरात कोणं हात घातला? दहा-बारा धागे ढिले हायेत."

मी इतकी हसले की नर्स रागावली. हसता हसता रडू आलं ते मात्र बराच वेळ थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून अंकुर आला. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना समजावून सांगितलं. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. रक्तात प्राणवायूची जागा तो बळकावतो, आणि बोटाच्या चिमट्याला ते कळत नाही. मोकळ्या हवेत गेलं की हळूहळू उतरतो. धूर निघून गेलेले निखारे जास्त फसवे, कारण माणूस सावध होत नाही. "वेळेवर बाहेर काढलंत आणि काय झालं ते सांगितलंत, म्हणून आमचं काम सोपं झालं," ते म्हणाले. हृदय? हृदय धडधाकट होतं. बाबांचा आजार बाबांसोबत गेला होता.

अंकुर म्हणाला, "म्हणजे मागाचा काही दोष नाई?" सगळे वहिनीकडे बघत होते.

ती भिंतीला टेकून उभी होती. "म्हणजे मीच," ती म्हणाली. "रोज सकारी उठून मीच. फटी बी मीच बुजवल्या."

 ज्या माठावरून मी तिला दुखावलं, तो निर्दोष निघाला होता, आणि जी गोष्ट तिने सगळ्यांत जास्त जीव लावून केली होती तीच निघाली. याच्यासारखं वाईट काही नाही. मी फक्त तिचा हात धरला. तिचे हात थंडगार होते. तिने स्वतःसाठी कधी गोरसी ठेवली नव्हती.

दादाने खाटेवरून हाक मारली. "कुसुम, तुले कोणं सांगतलं होतं का माह्ये पाय दुखतेत?"

"तुम्हीच नाई का? मागच्या थंडीत."

"मंग चूक माही. मीच बोंबलत होतो." आणि मग तो माझ्याकडे वळला. "अन् ह्या बाईचं नाक जरा लांब आहे म्हणून. नाई तं काही खरं नव्हतं."

माग अंकुरने काढला नाही. उलट सुट्टी वाढवून त्याने खिडकीला वर जाळी बसवून दिली, हवा येईल पण धाग्यावर थेट लागणार नाही अशी. आता खड्ड्याजवळ ओलं पोतं अंथरतात, पाण्याचं भांडं ठेवतात, म्हणजे धागा कोरडा पडत नाही. तरी तुटतोच कधीमधी, आणि दादा त्याला आणि सरकारला सारख्याच शिव्या देतो. सकाळचं ऊन नीट वर आल्याशिवाय तो मागावर बसत नाही. दोन-दोन मोजे घालतो. गोरसी अंगणात असते. तिच्याभोवती मोहाडीची अर्धी गल्ली शेकत बसते आणि नत्थू मध्यभागी बसून सगळ्यांना सांगतो की निखाऱ्याचं त्याला आधीपासून माहीत होतं.

संक्रांतीला मी पुन्हा गेले होते. सकाळची वेळ, ऊन वर आलं होतं, तरी चांगलाच कडाका होता. मागाच्या खोलीचं दार सताड उघडं, आत दादा खट्-खट् करत होता. वहिनी स्वयंपाकघरातून उठली, हात पुसत दारापर्यंत आली आणि तिने विचारलं, "पाय गार हायेत का?"

"बरफ झाले," दादा वर न बघता म्हणाला.

ती मागे वळली. परत येऊन चुलीच्या जागी ठेवलेल्या गॅसपाशी बसली आणि भाकरी थापू लागली. थोड्या वेळाने पुन्हा उठली, पुन्हा दारात गेली.

"गार हायेत ना?"

"सांगतलं ना, बरफ!"

दिवसातून किती वेळा हे चालतं कोण जाणे. पण त्याच्या तोंडून बरफ हा शब्द ऐकला की वहिनी ज्या निवांत चेहऱ्याने परत येते, तो मी पाहिला आहे.